घरात पिसवा झाल्यात, काय करू? सोलापूरकरांकडून नेहमी येणारे प्रश्न

पहिला बरा पाऊस झाला की पंधरा-वीस दिवसांत फोन आणि मेसेज सुरू होतात, ते दिवाळीपर्यंत थांबत नाहीत. जुळे सोलापूर असो की अशोक चौक, प्रश्न तेच असतात, म्हणून एकदाचे सगळे इथे मांडले आहेत. मी जनावरांची डॉक्टर नाही. घरी कुत्री-मांजरं सांभाळत आणि इतरांच्या घरच्या पिसवा काढायला मदत करत जे शिकले, ते सांगते आहे. औषधाचं माप मात्र तुमच्या जनावराला तपासून डॉक्टरांनीच ठरवायचं.

१. अंगावर काहीतरी पळतंय. पिसू आहे, गोचीड आहे की ऊ? ओळखायचं कसं?

पिसू तपकिरी असते, दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी चपटी, आणि केसांतून सरसर पळते. धरायला गेलं की उडी मारते. तिला पंख नसतात. गोचीड हळू चालते, कातडीला तोंड रुतवून बसते आणि रक्त पिऊन करड्या दाण्यासारखी फुगते. ती कानात आणि बोटांच्या बेचक्यात सापडते, भिंतीवरही चढते. ऊ केसाला धरून राहते, उडी मारत नाही.

पिसू दिसली नाही तरी तिची घाण दिसते. जनावराला पांढऱ्या टॉवेलवर उभं करा आणि शेपटीच्या मुळाशी, पाठीच्या खालच्या भागात उवांच्या फणीने विंचरा. टॉवेलवर मिरपुडीसारखे काळे कण पडतील. त्यांवर पाण्याचे दोन थेंब टाकून एक मिनिट थांबा. कणाभोवती विटकरी-लाल डाग पसरला तर ते पचलेलं रक्त आहे, म्हणजे पिसवा आहेतच. डाग मातकटच राहिला तर ती साधी धूळ. ही परीक्षा केल्याशिवाय औषधाला पैसे घालू नका.

२. आमचं मांजर तिसऱ्या मजल्यावरच असतं, खाली उतरतच नाही. मग पिसवा आल्या कुठून?

बहुतेक वेळा जिन्यातून. जिन्याखाली कुत्री व्याली किंवा पोटमाळ्यावर भटक्या मांजरीने पिल्लं घातली की त्यांच्या अंगावरची अंडी खाली पडतात, आणि तयार झालेली पिसू जाणाऱ्या-येणाऱ्याच्या विजारीला धरून वर येते. पाहुण्यांच्या कुत्र्याबरोबर, गावाहून आणलेल्या पोत्यांबरोबर आणि उंदरांबरोबरही येते. तुमच्या स्वच्छतेचा यात काही दोष नाही. लाज वाटून लोक महिनाभर कोणाला सांगत नाहीत आणि तेवढ्यात घर भरतं.

३. शाम्पूने अंघोळ घातली, सगळ्या पिसवा मेल्या. चार दिवसांत परत तेवढ्याच! शाम्पू बनावट आहे का?

शाम्पू खरा असतो. अंगावरच्या पिसवा मेल्या हेही खरं. पण अंगावर दिसते ती या सैन्याची फार थोडी तुकडी. साधारण हिशेब असा सांगतात की शंभरातल्या पाचच पिसवा जनावरावर असतात. बाकीच्या पंचाण्णव अंडी, अळ्या आणि कोष होऊन तुमच्या घरात असतात.

मादी पिसू पहिल्यांदा रक्त प्यायल्यावर एक-दोन दिवसांत अंडी घालू लागते आणि भरात आली की दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालते. अंडं गुळगुळीत असतं, केसाला चिकटत नाही. जनावर जिथे झोपतं, अंग झाडतं, उडी मारून उतरतं, तिथे ती मिठासारखी सांडतात. अंड्यातून निघालेली अळी उजेडापासून पळते आणि फरशीच्या फटीत, दिवाणाखाली, गादीच्या शिवणीत शिरते. तिथे ती काय खाते? वर सांगितलेले तेच काळे कण. आई-पिसू अंगावर रक्त पिते आणि तिच्या विष्ठेवर खाली पोरं वाढतात.

मग अळी कोष विणते. कोष चिकट असतो. त्याला धूळ-माती लागून तो आसपासच्या कचऱ्यासारखाच दिसतो. उबदार आणि दमट हवेत हे सगळं तीन आठवड्यांतही उरकतं, पण आतली पिसू बाहेर यायची घाई करत नाही. पावलांचा हादरा, अंगाची ऊब, श्वासातला वायू यांची चाहूल लागेपर्यंत ती काही महिनेसुद्धा कोषात थांबू शकते. आणि आपण घरात मारतो त्या फवाऱ्यांचा कोषावर जवळजवळ काही परिणाम होत नाही. म्हणून शाम्पूनंतर चौथ्या दिवशी ज्या दिसतात त्या नव्याने बाहेर पडलेल्या असतात. हे पटलं की पुढचं काम सोपं होतं: जनावरावर औषध आणि घराची सफाई एकाच दिवशी सुरू करायची, आणि दोन्ही सलग तीन महिने चालू ठेवायची.

४. घरात नक्की काय काय करायचं? आमच्याकडे पाणी रोज येत नाही, हेही लक्षात घ्या.

घेतलं आहे. इंटरनेटवर ‘सगळं रोज गरम पाण्यात धुवा’ असं वाचून आपल्या शहरातला माणूस हताश होतो.

आधी जागा शोधा. जनावर दिवसातले सर्वांत जास्त तास कुठे घालवतं, ते पाहा. दारामागचं पायपुसणं, दिवाणाखालची गार फरशी, गच्चीच्या जिन्याची तिसरी पायरी. अशा जागा चार-पाचच निघतात आणि निम्म्याहून जास्त अंडी तिथेच सापडतात. सगळ्या घराला सारखं राबू नका, या जागांवर राबा.

शहाबादी फरशीची घरं असतील तर अळ्यांचं खरं घर म्हणजे फरशांमधले सांधे. आमच्या जुन्या घरात एकदा मी पंचांगाच्या जाड पानाची कड एका सांध्यातून ओढली. बोटभर लांबीत निघालेला भुगा काळ्या कागदावर पसरला, तर त्यात तांदळाच्या कणीहून बारीक, पांढुरक्या, केसाळ अळ्या वळवळताना दिसल्या. वरून फरशी आरशासारखी लखलखत होती. तेव्हा सांधे आधी टोकदार काडीने किंवा जुन्या टूथब्रशने कोरा, भुगा उचला, मग उकळतं पाणी त्या रेषेवरच ओता. तांब्याभर पाण्यात एक खोली होते. मोठी डागडुजी शक्य असेल तर पांढऱ्या सिमेंटने सांधे भरून घ्या. माझ्या अनुभवात एवढ्या एका कामाने जेवढा फरक पडला तेवढा कुठल्याच औषधाने पडला नाही.

व्हॅक्यूम क्लीनर असेल तर पहिले दोन आठवडे रोज फिरवा. त्याच्या हादऱ्याने कोषातल्या पिसवा बाहेर येतात आणि हे आपल्याला हवंच आहे. पिशवी लगेच घट्ट बांधून बाहेर टाका. नसेल तर झाडूने केर उडवू नका, ओलसर फडक्याने टिपून घ्या. केर घराच्या कोपऱ्यातल्या डब्यात ठेवला तर सगळी मेहनत वाया.

अंथरुणाचं असं करा. जनावराला दोनच जुन्या चादरी नेमून द्या, सुती असल्या तर उत्तम. एक अंगाखाली, एक धुवायला. पाणी येईल त्या दिवशी ती चादर साठ अंशांच्या आसपासच्या कढत पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवायची, मग धुवायची. मधल्या दिवसांत प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पत्र्यावर टाका. माणसांच्या चांगल्या, रंगीत सोलापुरी चादरी कढत पाण्यात घालायला जीव होत नाही, कळतं मला. त्या साध्या पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा, पावसाळी हवेत ऊन नसेल तर गरम इस्त्री फिरवा. कापसाच्या गाद्या गच्चीवर दोन्ही बाजूंनी तापवा. शिवणीचे काठ वर येतील अशा ठेवा, कारण अळ्या काठात असतात.

पूर्व भागातल्या ज्या घरांत यंत्रमाग आहेत तिथे मागाखाली साठलेली कापसाची धूळ आणि सुताचे तुकडे रोज काढा. मांजर मागाखालीच झोपतं, आणि त्या मऊ धुळीत अळीला हवी तशी जागा मिळते.

फवाऱ्याविषयी पुढे प्रश्न १२ मध्ये.

५. जनावराला कोणतं औषध द्यायचं? गोळी, थेंब, स्प्रे की पट्टा?

कुत्र्यांसाठी हल्ली गोळ्या चांगल्या मिळतात. अफॉक्सोलॅनर महिनाभर, फ्लुरालॅनर सुमारे बारा आठवडे काम करतं आणि गोचिडीही जातात. कुत्र्याला कधी फिट आली असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा, या गटातली औषधं अशा कुत्र्यांना जपून देतात. मानेवर टाकायच्या थेंबांत फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड, सेलामेक्टिन अशी नावं दिसतील. थेंब केसांवर नाही, केस बाजूला करून कातडीवर टाकायचे, जीभ पोचणार नाही अशा जागी. आधी आणि नंतर दोन दिवस अंघोळ नको. लोक इथेच चुकतात: सकाळी थेंब, संध्याकाळी शाम्पू, आणि मग ‘औषध लागू पडत नाही’ अशी तक्रार.

स्वस्त पट्ट्यांवर माझा भरवसा नाही. अंघोळीचा उपयोग पहिल्या दिवशीचा भार कमी करण्यापुरता. साधा सौम्य शाम्पूसुद्धा दहा मिनिटं फेस ठेवला की पिसवा बुडवतो. मानेभोवती फेसाचं कडं आधी करा, नाहीतर त्या तोंडाकडे पळतात.

आणि घरातल्या प्रत्येक कुत्र्या-मांजराला औषध द्यायचं, खाजवत असो वा नसो.

६. कुत्र्याचे थेंब उरलेत. थोडेच मांजराला टाकले तर चालतील का?

नाही. एक थेंबही नाही.

कुत्र्यांच्या बऱ्याच औषधांत परमेथ्रिन असतं. कुत्र्याचं शरीर ते पचवून टाकतं, मांजराच्या यकृताला ते जमत नाही. आमची केशर याच चुकीने गेली. दुकानदाराने ‘दोघांना चालतं’ म्हणून सांगितलं, आणि बाटलीवरची बारीक अक्षरं मी वाचली नाहीत. संध्याकाळी तिचा एक कान राहून राहून फडफडायला लागला. मला वाटलं पिसू चावत असेल. तासाभरात पाठीची कातडी थरथरू लागली, तोंडाला लाळ आली. रात्रभर तिला टॉवेलमध्ये धरून बसले, पहाटे ती गेली. तेव्हा मला माहीत नव्हतं ते तुम्हाला सांगते: अशी चूक झाली आणि मांजर शुद्धीवर असेल तर लगेच कोमट पाण्यात भांड्यांच्या सौम्य साबणाने औषध धुऊन काढा, कोरडं करून उबेत गुंडाळा आणि बाटली हातात घेऊन डॉक्टरांकडे पळा. उलटी करवू नका, दूध किंवा तेल पाजू नका. वेळेत उपचार मिळाले तर बरीच मांजरं वाचतात.

कुत्र्याला परमेथ्रिन लावलं असेल तर औषध पूर्ण वाळेपर्यंत मांजराला त्याच्याजवळ झोपू देऊ नका.

७. गावाकडे कुत्र्याला द्राक्षावरचं औषध किंवा तंबाखूचं पाणी लावतात. आम्ही लावलं तर?

कृपा करून लावू नका. द्राक्ष-डाळिंबाच्या बागेवर मारायची कीटकनाशकं पिकासाठी बनवलेली असतात. कातडीतून आणि चाटून ती पोटात जातात, कुत्र्याला लाळ, झटके, श्वासाचा त्रास होतो, आणि लावणाऱ्यालाही बाधा होते. ‘टोपणभर बादलीत’ हे माप कोणीही ठरवलेलं नाही.

तंबाखूच्या पाण्याचं मी मुद्दाम सांगते, कारण विडी वळणाऱ्या घरांत तंबाखू हाताशी असतो. त्यातलं निकोटीन कातडीतून शोषलं जातं आणि ते विष आहे. पिल्लू तर तासाभरात आडवं होऊ शकतं. रॉकेलने कातडी भाजते. फिनाईल मांजरांना विषारी आहे, नुसत्या पुसलेल्या ओल्या फरशीवर चालून पंजे चाटले तरी. डांबराच्या गोळ्या अंथरुणात ठेवणंही तसंच.

८. कडुनिंब, लसूण, खोबरेल तेल: घरगुती काही चालतं का?

कडुनिंबाच्या पाल्याचं गार झालेलं पाणी कुत्र्याला वरवर लावलं तर सहसा अपाय नाही, पण त्याने पिसवा संपत नाहीत. कडुनिंबाचं निव्वळ तेल मांजराला नको. टी ट्री तेल मांजराच्या जवळपासही नको. लसूण-कांदा खायला घालू नका, दोघांच्याही रक्तपेशींना इजा होते. खोबरेल तेलात पिसू अडकते, म्हणून विंचरताना फणीला लावायला बरं. घरगुती उपायांतला खरोखर कामाचा एकच: फणी आणि साबणाच्या पाण्याची वाटी. विंचरायचं, बुडवायचं, पुन्हा विंचरायचं.

९. पिल्लं पंधरा दिवसांची आहेत आणि पिसवांनी भरलीत. त्यांना काय द्यायचं?

हा थांबण्याचा विषय नाही. एवढ्या लहान जिवाचं रक्त पिसवा अक्षरशः संपवतात. हिरड्या गुलाबी न दिसता पांढुरक्या दिसल्या, पिल्लू दूध ओढत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

औषध स्वतःच्या मनाने नको, बहुतेक औषधं या वयाला चालत नाहीत. फणीने विंचरा. फारच असतील तर एकेकाला कोमट पाण्यात, डोकं सोडून, बाळाच्या साबणाने दोन मिनिटांत धुवा आणि लगेच कोरडं करून उबेत ठेवा, थंडीने पिल्लं पिसवांपेक्षा लवकर जातात. आईला डॉक्टरांनी सांगितलेलं औषध आणि अंथरूण रोज बदलणं, हा खरा इलाज.

१०. मे महिन्यात ४३-४४ अंश तापतं. तेवढ्या उन्हात पिसवा मरत नाहीत?

उघड्यावर मरतात. अळीला दमटपणा लागतो, कोरड्या हवेत आणि पस्तीस अंशांच्या वर ती टिकत नाही. म्हणूनच आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये अंगणातल्या पिसवा कमी होतात. पण घरात तुम्ही कूलर लावता. खोली गार होते, हवेत ओल येते, आणि कूलरसमोरच्या फरशीवर कुत्रं पसरतं. पिसवेला याहून वेगळं काय हवं? मोरीजवळची आणि माठाखालची जागाही तशीच. उन्हाळ्यात या तीन ठिकाणी लक्ष ठेवलं तर पावसाळ्यातली अर्धी लढाई आधीच होते.

११. पंधरा दिवस गावाला गेलो होतो, घर बंद होतं. दार उघडून आत गेलो तर पाय काळे झाले! घरात जनावरही नव्हतं.

प्रश्न ३ मधल्या कोषांची ही करामत. घर बंद असताना अंड्यांच्या अळ्या, अळ्यांचे कोष झाले, आणि आत तयार पिसवा पावलांची वाट बघत बसल्या. तुमच्या पावलांनी त्या सगळ्या एकदम उठल्या.

अशा वेळी घाबरून पळू नका. पांढरे लांब मोजे गुडघ्यापर्यंत ओढा, विजार त्यांत खोचा आणि घरभर जोरजोरात पाय आपटत दहा मिनिटं फिरा. मोज्यांवर चढलेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात झटका. मग सफाई. फवारणी करायची तर आत्ताच, कारण कोषातून बाहेर आलेली पिसूच औषधाने मरते.

१२. पेस्ट कंट्रोल करावं का?

सफाई करून तीन-चार आठवड्यांत फरक नसेल तर करा. आलेल्या माणसाला दोन गोष्टी विचारा: पिसवांसाठीच फवारणार का, आणि त्यात अळीची वाढ रोखणारं औषध, म्हणजे पायरीप्रॉक्सिफेन किंवा मेथोप्रीन, आहे का. झुरळांची जेल पिसवांना काही करत नाही.

त्या दिवशी जनावरं आणि मुलं घराबाहेर, फरशी पूर्ण वाळेपर्यंत. माशांची टाकी असेल तर झाकून तिचा पंप बंद करा, ही औषधं माशांना फार घातक असतात. विड्यांचा तंबाखू आणि पानं घरात असतील तर ती आधी दुसरीकडे हलवा. फवारल्यानंतरही दोन-तीन आठवडे अधूनमधून पिसू दिसणारच, त्यावर लगेच दुसरी फवारणी मागू नका.

कॅरमच्या बोरिक पावडरीबद्दलही विचारतात. ती अळ्या मारते, पण रांगतं मूल किंवा पंजे चाटणारं मांजर असलेल्या घरात मी ती वापरणार नाही.

१३. घरात कुत्रा-मांजर काहीच नाही, तरी घोट्याभोवती लाल पुटकुळ्या येतात. पिसवाच का?

घोटा ते गुडघा, दोन-तीन पुटकुळ्या जवळजवळ, दिवसाही चावतात: पिसू असण्याची शक्यता मोठी. रात्री अंथरुणात, दंड-मान-पाठीवर ओळीने आलं तर ढेकूण पाहा. जनावर नसेल तर पोटमाळा, जिन्याखाली आणि उंदरांची बिळं तपासा.

पुटकुळ्यांवर कॅलामाइन लावा, नखं कापा. ताप आला तर पुढचा प्रश्न वाचा.

१४. आजी म्हणते पिसवांनी प्लेग होतो. खरं आहे का?

आजीची भीती खरी आठवण आहे. १८९६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या साथीने गावंच्या गावं रानात राहायला गेली होती. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावातही गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. पण तो पसरवते ती मुख्यतः उंदरांवरची पिसू. कुत्र्या-मांजरांवर सहसा आढळते ती वेगळी जात. घरात किंवा गल्लीत कारण नसताना उंदीर पटापट मरून पडू लागले तर मात्र हात लावू नका आणि महापालिकेच्या आरोग्य विभागाला कळवा. चाव्यांनंतर ताप, पुरळ, डोकेदुखी आली तर माणसांच्या डॉक्टरांना ‘घरात पिसवा आहेत’ हे आवर्जून सांगा. उंदरांच्या पिसवांपासून टायफससारखे तापही येतात.

रोजच्या घरात दिसतो तो त्रास वेगळा: टेपवर्म. जनावर खाजवताना पिसू गिळतं आणि तिच्यातून जंत पोटात जातो. शेपटीखाली भाताच्या शितासारखे हलणारे तुकडे दिसले की हेच. लहान मुलाने चुकून पिसू गिळली तर त्यालाही होतो. पिसवांचं औषध देताना डॉक्टरांना जंतांचंही विचारा.

१५. एकही पिसू सापडत नाही, पण कुत्रा शेपटीजवळचे केस उपटून काढतोय. मग?

ही पिसवांची ॲलर्जी असू शकते. तिच्या लाळेची ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला दोन-चार चावेही आठवडाभर पुरतात, आणि चाटून-चावून तो पिसवा स्वतःच गिळून टाकतो, म्हणून सापडत नाहीत. शेपटीच्या मुळाशी त्रिकोणी टक्कल ही ओळखण्याची खूण. याला औषधात एका महिन्याचाही खंड चालत नाही.

१६. गल्लीतल्या कुत्र्यांना आम्ही खाऊ घालतो. ते बंद करायचं का?

नाही. खाऊ घालता तिथेच त्यांना डॉक्टरांना विचारून गोळी देता येते, खाण्यात मिसळून. चार घरांनी वर्गणी काढली तर एका गल्लीची कुत्री सांभाळली जातात, आणि त्यांच्यावरच्या पिसवा कमी झाल्या की तुमच्याही जिन्यात येत नाहीत. खाऊची जागा दारापासून लांब ठेवा.

१७. ससा, कोंबड्या आणि शेळीही आहे. तेच औषध?

सशाला फिप्रोनिल अजिबात नको, जिवावर बेततं. शेळी-कोंबडीचं दूध, अंडी, मांस आपण खातो, तेव्हा कुत्र्याचं औषध त्यांना लावूच नये. कोंबडीच्या तुऱ्याभोवती, डोळ्यांजवळ काळे ठिपके चिकटून बसलेले दिसले तर ती चिकटणारी पिसू, त्यासाठी वेगळा इलाज लागतो. तिघांसाठीही पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.

१८. सगळं केलं, दीड महिना झाला. संपल्या हे कसं कळणार?

रात्री दिवे घालवा. जमिनीवर उथळ ताटात पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब घ्या, वर छोटा दिवा लावा. सकाळी ताटात किती पडल्या ते मोजा आणि कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात आकडा लिहा. आठवड्यातून एकदा करा. आकडा हळूहळू उतरायला हवा. मध्येच एकदम वाढला तर कोषांची नवी खेप निघाली, किंवा एखादं जनावर औषधाशिवाय राहिलं. प्रश्न ४ मधल्या चार-पाच जागा पुन्हा तपासा. सलग चार आठवडे ताट रिकामं राहिलं आणि पांढऱ्या टॉवेलवरही लाल डाग आला नाही की रोजची सफाई सोडा. जनावराचं औषध मात्र दिवाळी होईपर्यंत थांबवू नका.